बुरुल आपांचं उत्तर

म्हातारी अंगणात शिरली तेव्हा तोक्तोसुन गाडीच्या पोटाखाली निखाऱ्यांची परात सरकवत होता. किर्गिझस्तानातल्या नारीनच्या जानेवारीत गाडी पहिल्या किल्लीला सुरू होईल अशी आशा फक्त परगावचा माणूस धरतो. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कठड्याला धरून ती तडक जिना चढून गेली.

तोही हात झटकत मागोमाग वर गेला. "गाडी मेली, एजे." एजे म्हणजे ताई; झीपारला तो तसंच म्हणायचा.

"गार आहे. मेलेली नाही," झीपार म्हणाली. "आधी तापू दे, मग रड. तुझ्या डोक्याचंही तसंच असतं."

झीपारने अर्धं आयुष्य पोलिसांत तपासाचं काम केलं होतं. आता ती चांभाराच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तेच काम खासगीत करायची. तोक्तोसुन तिचा ड्रायव्हर, आणि त्याच्या स्वतःच्या मते सल्लागारही.

म्हातारीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "मी बुरुल. नदीकाठच्या गावातून आले. माझ्या सुनेनं माझ्या मुलाला मारलं. तेवढं सिद्ध करून दे, पोरी."

"कसं मारलं, आपा?" झीपारने थोरल्या बाईला हाक मारतात तसं विचारलं.

"सही करून."

मग ती सांगत गेली. तिचा कुबात लाकडांच्या खोपटात सकाळी पडलेला सापडला. ओंडक्यावर आपटून डोकं फुटलं होतं, अंग दगडासारखं गार. जिल्ह्याच्या इस्पितळात त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. ती त्याचे पाय चोळत बसायची, तेव्हा बोटं हलायची. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण डॉक्टर म्हणाले, मेंदू मेलाय, राहिलंय ते यंत्र.

"मी म्हटलं, थांबा. मी घरी जाऊन मेंढा कापते, त्याच्यासाठी दुआ मागते, मग बघू. मेंढा कापला, मांस वाटलं, सगळ्यांनी हात उचलून आमीन म्हटलं. त्याच्या वाट्याचं मांस फडक्यात बांधून परत गेले, तर यंत्र बंद. साल्किननं सही केलेली. एक दिवससुद्धा थांबली नाही." तिचा आवाज फाटला नाही, तो केव्हाच फाटून झाला असावा. "आणि दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती नदीवर गेली. गुरांसाठी बर्फात भोक पाडलेलं असतं, त्यात तिनं पोतं टाकलं. शेजारणीनं पाहिलं. पोतं खळखळ वाजत होतं. विषाच्या बाटल्या, दुसरं काय?"

"साल्किन आता कुठे आहे?"

"माहेरी हाकललं. नात माझ्याकडे आहे. मरणाच्या चाळीसाव्या दिवशी जाणती माणसं बसतील. तुझ्याकडून कळलं की तिनंच मारलं, तर नात माझी, आणि ती जाईल तुरुंगात. नाहीतर नातही जाईल." ती थांबली. "मग त्या घरात मी आणि मांजर."

झीपार खिडकीकडे वळली. तोक्तोसुनला ती लक्षणं माहीत होती. ती नाही म्हणणार होती. पण ती म्हणाली, "घर दाखवा."

आपांच्या घरात चूल ढणढणत होती आणि कुबातची चार वर्षांची मुलगी भिंतीशी झोपली होती. आपांनी चहा ओतला, नान मोडून समोर ठेवला. कढत चहा घेताना तोक्तोसुनला ठसका लागला, त्याने छातीवर हात दाबला.

"काळीज?" आपांनी विचारलं.

"जिना, खिंड, बायको, सगळ्यांनी मिळून केलंय, आपा."

आपांनी खिडकीतली छोटी बाटली काढली, पाण्यात थेंब मोजून टाकले, अर्धं त्याला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. पुदिन्याचा आणि कुजक्या मुळांचा तो ओळखीचा वास खोलीभर झाला. तोक्तोसुनच्या गाडीतही तशीच बाटली असायची. देशात कुणाच्या घरी नसते? कोपऱ्यातलं राखाडी मांजर ताडकन उठलं, आपांच्या बोटांवर तोंड घासू लागलं, मग गालिच्यावर उताणं पडून लोळायला लागलं.

"मेल्याला वेड आहे ह्याचं," आपा म्हणाल्या.

"तुम्ही काही औषधं घेता का?" झीपारने विचारलं.

"औषध? जन्मात गोळी घेतली नाही मी. बाळंतपणातसुद्धा नाही."

"हे थेंब गावात मिळतात?"

"मिळतात. पण मला बिश्केकहून भाची पाठवते. एक बाटली महिनाभर पुरते."

"आणि कुबात? त्याची तब्येत कशी होती?"

आपा ताठ बसल्या. "मॉस्कोहून आला तो दारू घेऊनच. इमारतींवर काम, थंडी, सगळे तिथं पितात. पण उन्हाळ्यात ह्याच चुलीपुढे नानवर हात ठेवून शपथ घेतली त्यानं. त्यानंतर थेंब नाही घेतला. हात कापायचे, झोप यायची नाही, तरी नाही. इस्पितळात मी सगळ्यांना हेच सांगितलं. माझा मुलगा शपथ मोडणारा नव्हता."

लाकडांचं खोपट मागच्या अंगणात होतं. तोक्तोसुनने शिरल्याबरोबर कुऱ्हाड उचलली. पात्यावर तांबूस डाग होता.

"एजे, हे बघा."

"गंज आहे."

ती कुऱ्हाडीकडे बघतही नव्हती. मांजर त्यांच्या मागून आत आलं होतं. खिळ्यावर कुबातचा मेंढीच्या कातड्याचा जुना कोट लटकत होता. मांजराने त्याच्या बाहीला पुढचे पाय लावले, बाही चाटली, मग ओंडक्यामागच्या भुशात जाऊन पाठ घासत लोळायला लागलं. झीपार तिथे उकिडवी बसली. ती उठेना, तेव्हा तोक्तोसुनला वाटलं तिचे गुडघे धरले असतील.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"असतील," ती म्हणाली.

वेशीवर औषधांचं एक दुकान होतं. झीपारला डोकेदुखीची गोळी हवी झाली. दुकानदारीण गप्पिष्ट होती.

"कुबात? गुणाचा हो. आईचं किती करायचा. आठवड्याला येऊन तिचे थेंब न्यायचा. शेवटी शेवटी तर दोन-तीन बाटल्या एकदम. म्हातारीचं काळीज फारच बिघडलं असेल, बिचारी."

बाहेर आल्यावर तोक्तोसुन गहिवरून म्हणाला, "बघा, असा मुलगा. आणि त्या बाईनं..."

"गाडी चालव, तोक्तो."

साल्किन माहेरी कणीक लाटत होती. हात थांबले नाहीत. विशीतली बाई, पण चेहरा असा की तोक्तोसुनला बसा म्हणायच्या आधी बसायची लाज वाटली.

"सही का केलीस?" झीपारने विचारलं.

"तीन डॉक्टर म्हणाले, तो गेलाय. मग मोठे डॉक्टर म्हणाले, दारात शाळेतली मुलगी आहे, न्यूमोनिया झालाय, यंत्र नाही मिळालं तर जाईल. तिची आई जिन्यात बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती. बघितलं तर मागावं लागेल म्हणून." लाटणं पुढेमागे फिरलं. "मलाही मुलगी आहे, एजे."

"सासू येईपर्यंत का नाही थांबलीस?"

"तिनं पाहिलं असतं तर सोडू दिलं नसतं. मग तीही मुलगी गेली असती."

"नदीत काय टाकलंस?"

"राख."

"राख वाजत नाही."

लाटणं थांबलं. "मग लिहा, मीच मारलं म्हणून."

"तुझी मुलगी जाईल."

"माहीत आहे."

"आपांना काय सांगू?"

"सांगा, सून वाईट निघाली." साल्किन पहिल्यांदा वर बघून बोलली. "तेवढं त्यांना पेलतं."

गाडीत बसल्यावर तोक्तोसुन म्हणाला, "कबुली दिली, एजे. झालं काम."

"आंधळ्या," झीपार म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती.

डॉक्टर रिसबेक अतिदक्षता विभागाच्या दाराशी भेटले. डोळे लाल, दाढी वाढलेली. इथे दोनच व्हेंटिलेटर आहेत, हे त्यांनी नमस्काराच्या आधी सांगितलं.

"डोक्याच्या स्कॅनमध्ये काय होतं?" झीपारने विचारलं.

"रक्ताची बारीक रेघ. पुढे सूज वाढली असणार."

"असणार?"

"दुसरा स्कॅन झाला नाही. मशीन बंद पडलं होतं."

"अंगाला ऊब होती?"

"आणला तेव्हा बर्फ होता. मग थोडा तापला."

मागून नर्स म्हणाली, "हीटिंग गेलं होतं, डॉक्टर. मीच घरून रजई आणली. शेवटपर्यंत त्याचे हातपाय गारच होते." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, ती सलाइन बघायला निघून गेली.

"तपासलं काय काय?"

"सगळं. बुबुळं उजेडाला हलली नाहीत. घशातली नळी हलवली, ठसका नाही. यंत्र काढून वाट पाहिली, श्वास नाही. आम्ही तिघांनी वेगवेगळं तपासलं."

"आई म्हणते, पायाची बोटं हलत होती."

"हलली असतील. ती हालचाल पाठीच्या कण्यातून येते. मेंदू मेल्यावरही होते. घरच्यांना हे पटवणं सगळ्यांत कठीण."

"हे खरं आहे," झीपार म्हणाली. "आणि दारू? झोपेचं औषध?"

डॉक्टर दुखावले. "मी विचारलं नाही असं वाटतं तुम्हाला? आईलाच विचारलं. प्यायला होता? नाही. झोपेच्या गोळ्या? नाही. दुसरं कुठलंही औषध, कसलंही? ती चिडली, म्हणाली, आमच्या घरात औषध शिरत नाही."

"रक्त?"

"पहिल्या दिवशीचं काढून ठेवलंय, गोठवून. ती तपासणी इथे होत नाही, बिश्केकला पाठवावं लागतं. खिंड बर्फानं बंद होती. आईच्या उत्तरानंतर... गरज वाटली नाही."

"खिंड आता उघडलीय," झीपार म्हणाली.

तोक्तोसुन बर्फात बांधलेला डबा घेऊन दोलोनची खिंड चढून गेला आणि उतरून आला. वाटेत त्याने तर्क बांधला: डॉक्टरने यंत्र त्या मुलीच्या बापाला विकलं. परत आल्यावर त्याने तो सांगितला. झीपारने ऐकून घेतला, हसली नाही. बिश्केकहून फोन आला तेव्हाही हसली नाही. रिसीव्हर ठेवून कोट न काढता ती पलंगावर आडवी झाली.

"एजे, कोणी मारलं?"

"तू आज आंघोळ करून ये," ती म्हणाली. "चांगले कपडे घाल. आपल्याला आपांच्या शेजारी बसायचंय."

शेजारी बसायचं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. इथे कुणी मृत्यूची बातमी तोंडावर फेकत नाही. दोन वडीलधारी माणसं येतात, ज्याला सांगायचं त्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि हळूहळू वळण घेत तिथे पोचतात.

चाळीसाव्याचं जेवण उरकलं. पाहुणे पांगले. झीपारच्या सांगण्यावरून साल्किनला बोलावलं होतं. ती दाराजवळ उभी राहिली. मुलीने आईला पाहिलं आणि आजीकडे पाहिलं, जावं की नको तिला कळेना. डॉक्टर रिसबेक टोपी हातात धरून बसले होते.

झीपार आपांच्या उजवीकडे बसली. तोक्तोसुन डावीकडे.

आपांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्यांचा चेहरा बदलला.

"असे का बसलात?" त्या म्हणाल्या. "माझं आता मरायला उरलंय कोण?"

"कुबातच, आपा," झीपार म्हणाली. "पुन्हा एकदा."

साल्किनने दाराची चौकट धरली.

"मी सरळ सांगू शकत नाही, वळणानं सांगते. माझ्या तोक्तोची गाडी रोज सकाळी मेलेली असते. किल्ली फिरवा, आवाज नाही. दिवा नाही. पण तो तिला लगेच भंगारात देत नाही. आधी निखारे ठेवतो. कारण गार इंजिन आणि मेलेलं इंजिन बाहेरून सारखंच दिसतं. डॉक्टर, मेंदू मेला म्हणायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात ना? पहिली कुठली?"

डॉक्टर टोपीकडे बघत म्हणाले, "अंगाला ऊब पाहिजे."

"ती नव्हती. नर्सची रजई होती. दुसरी?"

"मेंदू मरेल एवढं कारण दिसलं पाहिजे."

"दिसली ती बारीक रेघ. एवढ्या लहान जखमेला एवढं मोठं मरण कसं, हे मला पहिल्यापासून कळेना. तुम्ही म्हणालात सूज असणार. ती कुणी पाहिली नाही. तिसरी?"

"अंगात झोपेचं औषध नको."

"ते तुम्ही विचारलंत. उत्तर मिळालं. ते उत्तर खोटं नव्हतं." झीपारने आपांचा हात हातात घेतला. "आपा, त्यानं शपथ मोडली नाही. दारूचा थेंब घेतला नाही. पण हात कापायचे, झोप यायची नाही. तेव्हा तुम्हीच त्याला पहिल्यांदा खिडकीतली बाटली दिलीत ना?"

"ते औषध नाही," आपा म्हणाल्या. "ते थेंब आहेत."

"हो. सगळा देश असंच म्हणतो. तोक्तोही म्हणतो. पण त्या थेंबांत झोपेचं औषध असतं, जुनं, जड, दिवस दिवस रक्तातून न जाणारं. आणि त्यात दारूही असते. कुबातला ते कळलं होतं, की नुसतंच बरं वाटत होतं, कोण जाणे. दुकानात तो म्हणायचा आईसाठी नेतो. पण तुमची बाटली बिश्केकहून येते आणि महिना पुरते. मग त्या दर आठवड्याच्या बाटल्या कुणी संपवल्या? ते मला तुमच्या मांजरानं सांगितलं. तुमच्या बोटांवर जसं लोळलं, तसंच ते खोपटात लोळलं, कोटाच्या बाहीवर आणि ओंडक्यामागच्या भुशात. कुबात तिथे बसून प्यायचा. त्या रात्री फार प्याला, पडला, गारठला. बिश्केकच्या तपासणीत रक्त त्या औषधानं भरलेलं निघालं. असा माणूस बुबुळ हलवत नाही, खोकत नाही, श्वास घेत नाही. तीन डॉक्टर तपासोत की तीस."

"आणि पोतं?" तोक्तोसुनच्या तोंडून निघालं.

"रिकाम्या बाटल्या. दफनानंतर साल्किनला लाकडांमागे सापडल्या. विष तिनं दिलं नव्हतं. तिला फक्त त्या आपांच्या नजरेला पडू द्यायच्या नव्हत्या."

साल्किन भिंतीला टेकली होती. "मी चाळीस दिवस शिव्या खाल्ल्या, एजे. मुलगीही द्यायला तयार झाले," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही चहा पिता पिता सांगून टाकलंत."

"तुझी मुलगी तुझ्याकडे राहावी म्हणून सांगितलं."

"मला वाटलं, थेंबांनी गेला. एवढंच लपवायचं होतं मला." मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन थांबलं. "पण तुम्ही म्हणताय, थेंबांनी तो मेल्यासारखा दिसत होता. म्हणजे मी सही केली तेव्हा..."

झीपारने नजर खाली वळवली.

आपा डॉक्टरांकडे वळल्या. "बोटं हलत होती."

"बोटांवरून काही ठरत नाही, आपा," डॉक्टर म्हणाले. ते आता रडत होते. "बोटांचं मी खरं सांगितलं होतं. बाकीचं नाही."

"ऊब दिली असती तर? थांबला असतात तर?"

"आठवडाभर. मग पुन्हा तपासलं असतं. कदाचित तोपर्यंत खरंच गेला असता. कदाचित..."

"मी काय म्हणायला हवं होतं?" आपांनी विचारलं. त्यांचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला होता, चुकलेलं गणित परत विचारावं तसा. "तुम्ही विचारलंत, औषध घेतो का. मी म्हटलं नाही. काय म्हणायला हवं होतं?"

डॉक्टरांनी टोपीने डोळे पुसले.

"ती मुलगी," आपा म्हणाल्या. "न्यूमोनियावाली."

"घरी गेली, आपा," डॉक्टर म्हणाले. "शाळेत जाते आता."

आपांनी मान हलवली, जणू बाजारातला भाव ऐकला. मग त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला हळूच दाराकडे, आईकडे ढकललं. साल्किनने मुलीला उचलून घेतलं, पण ती बाहेर गेली नाही. तिथेच खाली बसली, सासूकडे बघत.

आपांचा हात छातीवर गेला. ओठ निळसर झाले. तोक्तोसुन घाईने उठला आणि त्याने खिडकीतली बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं, बूच उघडलं. वास येताच मांजर कोपऱ्यातून उठून त्याच्या पायांशी आलं आणि पाठ घासू लागलं.

बाटली तिरपी धरून तो तसाच उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला खाली ठेवताही येईना आणि ओतताही येईना, कारण काळजासाठी द्यायचं दुसरं काही त्याला कधी माहीतच नव्हतं.